महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीसाठी घरी बांधायचा प्री-ऑइलर

इंजिनाचा ऑइल पंप क्रँकशाफ्टच्याच जोरावर फिरतो. त्यामुळे सुरू होण्याच्या क्षणी क्रम नेहमी उलटा असतो: आधी बेअरिंगांवर फिरण्याचा भार येतो आणि मग काही सेकंदांनी तेथे दाबाखालचे तेल पोहोचते. रोज चालणाऱ्या गाडीत याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण आदल्या दिवशीचे तेल जर्नल (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि बेअरिंग यांच्यातल्या, मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढ्या फटीत पुरेसे टिकून राहते. प्रश्न असतो तो पावसाळ्याचे चार महिने शेडमध्ये झाकून ठेवलेल्या आणि दिवाळीच्या सुमारास बाहेर काढलेल्या गाडीचा. एवढ्या काळात वाहिन्यांतले बरेचसे तेल ओघळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, उतरलेले असते, फिल्टर अर्धाअधिक रिकामा झालेला असतो आणि इंजिनाच्या माथ्यावरचा, झडपा दाबणाऱ्या रॉकरांचा शाफ्ट जवळजवळ कोरडा असतो.

प्री-ऑइलर हा क्रम सुलटा करतो. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप चेंबरमधले तेल उचलून मुख्य तेलवाहिनीत ढकलतो आणि दाब तयार झाल्यावरच सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला जातो. जहाजांची मोठी इंजिने आणि मोठे जनरेटर यांत ही सोय मुळातच असते. मोटारीत ती कारखान्यातून सहसा येत नाही. पण घरी बांधता येते.

या लेखात उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडर इंजिनाची, पुशरॉड आणि रॉकर असलेली ही गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधूनही निवृत्त झाली. आता उरलेल्या गाड्या बहुतेक हौशी मालकांकडे आहेत, त्या थोड्या चालतात आणि पुष्कळ उभ्या राहतात. १२ व्होल्टची बॅटरी, साधी वायरिंग आणि हात घालायला मोकळी जागा असल्यामुळे हे काम शिकायलाही ती सोयीची आहे. जीप, अ‍ॅम्बॅसेडर किंवा तशाच धाटणीच्या इतर गाड्यांना बहुतेक सर्व मजकूर लागू पडेल. आटे आणि मापे मात्र प्रत्येक गाडीवर मोजूनच ठरवावीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या कामात पंप हा सर्वांत सोपा भाग आहे. ज्या तेलव्यवस्थेत आजवर एकही जादा सांधा नव्हता, तिला आपण चार-सहा नवे सांधे आणि दोन नव्या नळ्या जोडत असतो, आणि त्यांतला एक जरी धावत्या गाडीत निकामी झाला, तर दहा वर्षांत वाचवलेली झीज एका मिनिटात भरून निघते. म्हणून विचार सांध्यांपासून सुरू करावा आणि पंप सर्वांत शेवटी निवडावा.

हे सर्व करावे की नाही

प्री-ऑइलर विकणाऱ्यांच्या जाहिरातींत सुरू होतानाच्या झिजेची मोठमोठी टक्केवारी छापलेली असते. तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. रोज किंवा आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीला, विशेषतः ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे पातळ तेल वापरणाऱ्या आधुनिक गाडीला, याचा उपयोग नगण्य आहे, आणि वॉरंटीतल्या गाडीच्या तेलव्यवस्थेला हात लावणे शहाणपणाचे नाही.

वर्षातून एक-दोनदाच गाडी उठवायची असेल तर बिनखर्चाचा उपाय आहे. चारही स्पार्क प्लग काढावेत, कॉइलची मधली जाड वायर काढून बॉडीला अर्थ करावी आणि सेल्फ दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांत, मध्ये विश्रांती देत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत मारावा. प्लग नसल्यामुळे कॉम्प्रेशन नसते, बेअरिंगांवर भार जवळजवळ नसतो आणि फिरण्याची गतीही मंद असते. शाफ्ट कोरडा फिरतो हे खरे, पण धडधडत सुरू होऊन फिरण्यापेक्षा हे कितीतरी सौम्य आहे. वर्षातून पाच-सहा वेळा किंवा अधिक असे करावे लागत असेल, प्लग काढणे जिकिरीचे असेल, किंवा इंजिन नुकतेच बांधून घेतले असेल, तर मात्र कायमस्वरूपी प्री-ऑइलरचा विचार योग्य ठरतो.

दुसरा प्रकार अ‍ॅक्युम्युलेटरचा. त्यात पिस्टन असलेल्या नळकांड्यात चालत्या इंजिनाच्या दाबाने तेल भरून ठेवलेले असते आणि पुढच्या वेळी झडप उघडून ते आत सोडले जाते. तो विकत घेऊन बसवणे ठीक. घरी बनवू नये. एका बाजूला दाबाखालची हवा आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचे तेल कोंडणारे भांडे जुन्या सिलिंडरमधून वेल्डिंग करून तयार करणे हे धोक्याला निमंत्रण आहे. या लेखातली बांधणी विजेच्या पंपाची आहे.

तेल कोठून घ्यायचे

सोपा मार्ग ड्रेन प्लगचा. मूळ प्लगच्याच आट्यांचा, मधून भोक पाडलेला आणि बाहेरच्या टोकाला होजचा (लवचीक नळीचा) निपल, म्हणजे नळी चढवायचे तोंड, असलेला अडॅप्टर कोणताही चांगला लेथवाला बनवून देतो. आटे गेजने मोजून घ्यावेत, अंदाजाने नव्हे. या मार्गाचे दोन दोष मात्र गंभीर आहेत. अडॅप्टर चेंबरच्या तळापासून खाली लोंबतो आणि आपल्याकडचे गतिरोधक पाहता तो कधीतरी घासणार हे गृहीत धरावे लागते. शिवाय होज सुटली तर चेंबर पूर्ण रिकामे होते.

म्हणून चेंबर उतरवून त्याच्या बाजूच्या भिंतीत निपल बसवणे हा माझ्या मते खरा मार्ग आहे, जरी त्यात एक दिवसाचे काम आणि नवे गॅस्केट वाढते. निपलची उंची इंजिनाच्या पंपाची जाळी जेथे बसते त्यापेक्षा थोडी वर ठेवावी. त्यामुळे दोन फायदे होतात: तळाशी साचलेला गाळ प्री-ऑइलरकडे ओढला जात नाही, आणि सक्शन होज वाटेत फुटली तरी तेल निपलच्या पातळीपर्यंतच उतरते, इंजिनाच्या जाळीभोवती थोडे शिल्लक राहते. गाडी उभी असताना सर्व तेल चेंबरमध्ये असते, त्यामुळे एवढ्या उंचीवरही प्री-ऑइलरला भरपूर तेल मिळते. पत्र्याच्या चेंबरला पितळी ब्रेझिंग चालते. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला टिग वेल्डिंग लागते. चेंबर गाडीवर असताना हे काम कदापि करू नये, आणि उतरवल्यावरही ते तेलाचा अंश राहणार नाही इतके धुऊन वाळवल्याशिवाय ज्योत जवळ आणू नये. काम झाल्यावर चेंबर सुलटे ठेवून, निपलचे तोंड बंद करून, निपल बुडेल इतके रॉकेल भरून तासभर ठेवले की झिरप असल्यास दिसते.

सक्शनची होज आतून किमान १२ मि.मी. व्यासाची आणि तारेच्या वेटोळ्याची असावी. थंड तेल घट्ट असते. साधी रबरी नळी ओढीने चपटी होते आणि पंप नुसताच कण्हत राहतो. पंपाच्या तोंडाशी बारीक नव्हे तर मध्यम जाळीची गाळणी बसवावी, कारण फार बारीक गाळणीतून थंड तेल वेळेवर येत नाही.

तेल कोठे सोडायचे

ऑइल प्रेशर स्विच जेथे बसलेला असतो ते भोक थेट मुख्य तेलवाहिनीत उघडते. तो स्विच काढून तेथे टी (तीन तोंडांचा जोड) जोडायची आणि तिच्या एका तोंडावर स्विच परत बसवायचा ही नेहमीची पद्धत आहे. परंतु पितळी टी, तिच्यावर स्विच, त्याच्याशेजारी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि होज असा पसारा ब्लॉकच्या एका बारीक आट्यावर टांगला, तर इंजिनाच्या थरथरीने तो निपल मुळाशी तुटतो. हे टाळण्यासाठी ब्लॉकमध्ये फक्त एक आखूड पोलादी निपल आणि त्यापुढे हातभर लांबीची क्रिंप केलेली (टोकांना धातूचे जोड यंत्राने दाबून बसवलेली) हायड्रॉलिक होज ठेवावी, आणि टी व व्हॉल्व्ह मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर किंवा बल्कहेडवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) कंसात पक्के बसवावेत.

अशा होज बनवून घेणे आता कठीण नाही. जेसीबी आणि ट्रॅक्टर दुरुस्त होतात त्या प्रत्येक तालुक्याच्या गावी हायड्रॉलिक होज क्रिंप करून देणारे दुकान असते. आतून ८ मि.मी. व्यासाची, एका तारजाळीची होज आपल्या दाबाच्या कितीतरी पट सहन करते. घट्ट होज-क्लिप लावून साधी पेट्रोलची नळी वापरण्याचा मोह दाबाच्या बाजूला तरी टाळावा.

आट्यांना टेफ्लॉनची पांढरी पट्टी गुंडाळू नये. तिचे तुटलेले धागे तेलाबरोबर जाऊन बारीक भोकांत अडकतात. द्रवरूप थ्रेड सीलंट आट्याचा पहिला फेर सोडून लावावे. बँजो जोड (पोकळ बोल्टने कसायचा कडीसारखा जोड) असेल तर तांब्याचे वॉशर नवे घ्यावेत, किंवा जुने लालबुंद तापवून पाण्यात विझवून मऊ करून घ्यावेत.

येथे एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. या भोकाशी सोडलेले तेल बहुतेक इंजिनांत फिल्टरनंतरच्या वाहिनीत मिळते, म्हणजे ते गाळले न जाता बेअरिंगांत शिरते. म्हणून पंपानंतरच्या होजमध्ये एक छोटा स्पिन-ऑन (डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसणारा) फिल्टर त्याच्या स्वतंत्र बेससह बसवावा. गाडीला स्पिन-ऑन फिल्टर असेल तर दुसरा पर्याय सँडविच प्लेटचा, म्हणजे फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणाऱ्या चकतीचा, आहे. तिच्यातून तेल फिल्टरच्या आधी सोडता येते, मात्र थोडे तेल इंजिनाच्या पंपातून उलट चेंबरमध्ये परतते आणि दाब किंचित उशिरा चढतो.

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह

इंजिन चालू झाल्यावर वाहिनीत तीन-चार बारचा दाब असतो. त्या दाबाला प्री-ऑइलरच्या पंपातून उलट चेंबरकडे जाण्याची वाट मिळाली, तर बेअरिंगांच्या वाट्याचे तेल तिकडे वळेल. ही वाट बंद ठेवणारी एकच वस्तू म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, आणि म्हणूनच पैसे वाचवण्याची जागा ही नव्हे. पाण्याच्या नळाचा किंवा एअर लाइनचा व्हॉल्व्ह घेऊ नये. स्प्रिंगचा, धातूच्या बैठकीचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह घ्यावा, जो अर्ध्या बारच्या आत उघडतो. मी एकामागोमाग दोन बसवण्याच्या मताचा आहे; उघडण्याचा दाब थोडा वाढतो, पण कचऱ्याचा एक कण अडकल्याने सर्व काही अडचणीत येत नाही. अंगावरचा बाण इंजिनाकडे असल्याची खात्री करावी.

बसवण्यापूर्वी प्रत्येक व्हॉल्व्ह उलट्या बाजूने कॉम्प्रेसरला जोडून चार बारची हवा द्यावी आणि दुसरे टोक तेलात बुडवावे. बुडबुडे आले तर तो परत करावा.

पंपाची निवड

आता पंप. डिझेल भरण्याचे १२ व्होल्टचे स्वस्त पंप बाजारात सर्वत्र दिसतात, पण ते या कामाचे नाहीत. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक) असतो, तर पद्मिनीसारख्या गाडीत वापरले जाणारे २०डब्ल्यू-४० तेल त्याच तापमानाला शंभराच्या पुढे असते, आणि माघातल्या सकाळी तर त्याच्याही कितीतरी पुढे. डिझेलच्या पंपाची मोटर अशा तेलात अडकते आणि वाइंडिंग जळते. तेलासाठीच बनवलेला, धातूच्या दातेरी चाकांचा गिअर पंप घ्यावा, ज्याची सील व्हायटॉनची (तेल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराची) आहेत आणि ज्याच्या अंगात बायपास (जादा दाब झाल्यास उघडणारी झडप) आहे.

क्षमता मिनिटाला तीन लिटर पुरते. हिशेब साधा आहे. रिकामा फिल्टर, वाहिन्या आणि आपल्या नव्या होज मिळून साधारण अर्धा लिटर भरायचे असते, म्हणजे दहा सेकंद. त्यानंतर थंड तेल बेअरिंगांच्या फटींतून फार हळू गळते, त्यामुळे एवढ्या लहान पंपालाही दोन बारचा दाब धरता येतो. दोन बार दाबाने मिनिटाला तीन लिटर ढकलण्याचे प्रत्यक्ष काम फक्त दहा वॅटचे आहे. घट्ट तेलाचे घर्षण आणि मोटरचा अपव्यय धरून शंभर-सव्वाशे वॅटचा पंप घेतला की झाले. बायपास चार बारच्या आसपास उघडणारा असावा, नाहीतर थंड तेलात दाब वाढत जाऊन फिल्टरचा डबा फुगू शकतो.

पंप शक्य तितका खाली, चेंबरमधल्या तेलाच्या पातळीजवळ, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला आणि रबरी बुशांवर बसवावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भाराखाली चारशे अंशांच्या पुढे जाऊ शकतो आणि त्यावर पडलेले तेल पेट घेते. म्हणून दाबाची होज मॅनिफोल्डवरून कधीच नेऊ नये. जवळून न्यावीच लागली तर तिच्यावर अग्निरोधक वेष्टण घालून रबर लावलेल्या क्लिपांनी दर वीतभर अंतरावर बांधावी.

वायरिंग

पंप सुमारे दहा अ‍ॅम्पिअर घेतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात १५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज बसवावा आणि तेथून २.५ चौरस मि.मी.ची वायर चार पिनांच्या साध्या रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला न्यावी. ८७ वरून पंपाचे धन टोक आणि पंपाचे ऋण टोक रंग खरवडलेल्या जागी बॉडीला. ८६ ला इग्निशन चालू असतानाच येणारा पुरवठा द्यावा, आणि ८५ डॅशबोर्डवरच्या पुश बटणातून अर्थ करावा. बटण दाबून ठेवले तरच चालणारे असावे. टॉगल स्विच बसवला की तो कधीतरी चालूच राहतो. पंपाला समांतर एक छोटा लाल दिवा डॅशबोर्डवर लावावा, म्हणजे रिलेचे संपर्क चिकटून पंप बटणाविना चालत राहिला तर ते लगेच दिसेल.

टायमर, प्रेशर स्विच, दाब आल्याशिवाय सेल्फ न लागण्याची व्यवस्था इत्यादी जोडता येते. मला ते अनावश्यक वाटते. बॅटरीवर याचा भार नाममात्र आहे, अर्ध्या मिनिटात अ‍ॅम्पिअर-तासाचा दशांशही जात नाही. पण चार महिने उभ्या गाडीची बॅटरी मुळातच उतरलेली असते, ती आधी चार्ज करावी.

जोडणी आणि चाचणी

गाडीवर चढवण्यापूर्वी सर्व साहित्य टेबलावर जोडावे. स्वच्छ डब्यात दोन लिटर नवे तेल घेऊन पंपाने ते दुसऱ्या डब्यात काढावे. एक लिटर किती सेकंदांत येते ते मोजावे आणि लिहून ठेवावे. या वाहत्या तेलाने होजमधला रबराचा भुगा आणि क्रिंपिंगचा कीस धुऊन निघतो. हे तेल इंजिनात ओतू नये.

गाडीवर बसवण्याआधी गरम इंजिनाचा आयडलिंगचा दाब गेजने पाहून ठेवावा. पुढची सर्व तुलना या आकड्याशी करायची आहे.

बसवून झाल्यावर टॅपेट कव्हर (रॉकरवरचे झाकण) उघडावे, प्लग काढावेत, इग्निशन चालू करून बटण दाबावे. प्रथम पंपाचा आवाज हलका येतो, मग तेल आत आले की जड होतो. पंधरा सेकंदांत आवाज बदलला नाही तर बटण सोडावे. सक्शनमध्ये कोठेतरी हवा शिरत असते. दिव्याने विझणे म्हणजे दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या वर गेला. मात्र ध्यानात घ्यावे की स्विच आपण तेल सोडतो त्याच टीवर असेल, तर तो त्या टीवरचा दाब दाखवतो, शेवटच्या बेअरिंगचा नव्हे. ब्लॉकवर दुसरे भोक उपलब्ध असेल तर गेज तेथे लावावा. नसेल तर दिवा विझल्यावर आणखी पंधरा-वीस सेकंद पंप चालू ठेवावा.

या वेळी रॉकरकडे पाहावे. काही इंजिनांत रॉकरचे तेल कॅमशाफ्टच्या एका जर्नलमधल्या भोकातून टप्प्याटप्प्याने जाते, आणि ते भोक योग्य कोनात नसेल तर पंप कितीही चालवला तरी वर तेल येत नाही. मदतनीसाने बटण दाबलेले असताना क्रँकशाफ्टचा पुलीचा नट पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवला की तेल रॉकरच्या भोकांतून पाझरू लागते. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कव्हर लावू नये.

मग प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून पंप पुन्हा अर्धा मिनिट चालवावा आणि कागद टेकवून झिरप पाहावी. नंतर प्लग लावून इंजिन सुरू करावे, एका मिनिटात बंद करून पुन्हा पाहावे, आणि शेवटी दहा मिनिटे चालवून तिसऱ्यांदा. होज, पंप आणि जादा फिल्टर यांत तीन-चारशे मिलिलिटर तेल मावते, तेवढे डिपस्टिक पाहून वरून घालावे.

यानंतर सुरू करण्याची रोजची पद्धत अशी: इग्निशन चालू, बटण दाबून दिवा विझण्याची वाट, आणखी पंधरा सेकंद, बटण सोडून सेल्फ. यांत्रिक पेट्रोल पंप असलेल्या पद्मिनीत महिन्यांनंतर कार्ब्युरेटरची वाटी सुकलेली असते आणि सेल्फ बराच मारावा लागतो. आता तो ओल्या बेअरिंगांवर फिरतो.

इंजिन नुकतेच बांधले असेल आणि एकदाच तेल भरायचे असेल, तर शेतातल्या फवारणीचा हाताने हवा भरायचा छोटा पंप हा स्वस्त पर्याय आहे. तो पूर्णपणे नवा हवा, औषध मारलेला कितीही धुतला तरी चालणार नाही. त्यात तेल घालून, दोन बारपर्यंत हवा भरून त्याची नळी प्रेशर स्विचच्या भोकाला जोडली की लिटरभर तेल सावकाश आत जाते.

देखभाल

महिन्यातून एकदा, गाडी अर्धा तास चालवून आल्यावर, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामधल्या होजला हात लावावा. ती इंजिनाच्या आसपासच्या हवेइतकीच कोमट असायला हवी. तेलाइतकी तापली असेल तर व्हॉल्व्हमधून तेल उलट वाहत आहे, आणि आयडलिंगचा दाबही मूळ नोंदीपेक्षा उतरलेला आढळेल. अशा वेळी ब्लॉकमधला निपल काढून मूळ स्विच थेट बसवावा आणि व्हॉल्व्ह बदलेपर्यंत गाडी तशीच चालवावी. त्यासाठी तो स्विच ज्या आट्यांचा आहे त्याचा एक वॉशर आणि योग्य पाना डिकीत ठेवलेला असावा. जादा फिल्टर प्रत्येक तेल बदलताना, होज चार-पाच वर्षांनी किंवा वरचे रबर तडकू लागताच बदलावी, आणि चेंबरवरचा निपल दर वेळी गाडी रॅम्पवर चढली की टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावा.